वाचकांचे प्रश्न : संयुक्त ब्रिगेड आणि हुकमाचा प्रश्न

प्रश्न : पोलंड, लिथुआनिया आणि युक्रेन या शेजारी देशांची मिळून एक ब्रिगेड आहे, असे वाचले. तिन्ही देशांचे सैनिक एकाच छावणीत राहतात का? आणि अशी ब्रिगेड असताना २०२२ मध्ये ती युक्रेनच्या बाजूने लढायला का उतरली नाही?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : एकाच छावणीत राहत नाहीत. १९ सप्टेंबर २०१४ रोजी वॉर्सा येथे तिन्ही देशांच्या संरक्षणमंत्र्यांनी करार केला आणि त्यानुसार पोलंडमधील लुब्लिन शहरात ब्रिगेडचे मुख्यालय उभे राहिले. कायमस्वरूपी संयुक्त असे जे काही आहे, ते हे मुख्यालयच. तेथे तिन्ही सैन्यांचे अधिकारी एकत्र बसून सरावांच्या योजना आखतात आणि त्यांचे कामकाज इंग्रजीत चालते. बटालियन, म्हणजे ब्रिगेडमधील प्रत्यक्ष सैनिकांच्या तुकड्या, मात्र आपापल्या देशात, आपल्याच सेनाधिकाऱ्यांच्या हाताखाली असतात आणि त्या त्या सरकारने संमती दिली तरच सरावासाठी किंवा मोहिमेसाठी मुख्यालयाच्या हवाली केल्या जातात. ब्रिगेडला नाव मिळाले आहे ते १५१४ मध्ये ओर्शाच्या लढाईत मॉस्कोच्या फौजेला हरवणाऱ्या ओस्ट्रोग्स्की या सेनापतीचे. नाव ठेवताना रोख कोणाकडे होता, हे वेगळे सांगायला नको.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या रचनेतच आहे. ब्रिगेडचा करार म्हणजे परस्परांच्या संरक्षणाची हमी नव्हे. पोलंड आणि लिथुआनिया ‘नाटो’ या लष्करी युतीचे सदस्य आहेत, युक्रेन नाही, त्यामुळे आपले सैनिक रशियाविरुद्ध रणांगणात उतरवायचे की नाही, हा निर्णय वॉर्सा आणि व्हिल्नियस येथील सरकारांचाच राहिला, आणि त्यांनी शस्त्रे दिली, प्रशिक्षण दिले, पण लढाऊ पलटणी पाठवल्या नाहीत. म्हणून ब्रिगेड निरुपयोगी ठरली, असे मात्र मला वाटत नाही. सोव्हिएत वळणाच्या सैन्यातून आलेल्या युक्रेनी अधिकाऱ्यांना ‘नाटो’च्या पद्धतीने योजना आखण्याचा आणि आदेश काढण्याचा सराव तिथे मिळत होता.

प्रश्न : ब्रिगेडचा प्रमुख एक असतो, मग हुकूमही एकाचाच चालायला हवा ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कागदावर तसे दिसते. फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९८९ मध्ये उभारलेली संयुक्त ब्रिगेड हे युरोपातील सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. तिच्यात दोन्ही देशांचे सैनिक खरोखर मिसळलेली रसद बटालियनही आहे. तरीही २०१८ मध्ये ही ब्रिगेड पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात गेली, तेव्हा फ्रेंच सैनिक फ्रान्सच्या स्वतःच्या दहशतवादविरोधी मोहिमेत लढत होते, तर जर्मन सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आणि युरोपीय संघाच्या प्रशिक्षण मोहिमेत काम करत होते. मोहिमेचा देश एक, ब्रिगेड एक, कामे मात्र निरनिराळी. कारण जर्मनीत परदेशातील सशस्त्र मोहिमेला संसदेची संमती लागते, तर फ्रान्सचे अध्यक्ष आधी सैन्य पाठवून तीन दिवसांच्या आत संसदेला कळवू शकतात. संसदेने बांधून दिलेली मर्यादा ओलांडण्याचा अधिकार कोणत्याही ब्रिगेडियरला नसतो.

रसदीचा घोळ वेगळाच. एकाची तोफ १५५ मिलिमीटरची आणि दुसऱ्याची १५२ची असेल, तर शेजारी उभे राहूनही एकाचा गोळा दुसऱ्याला चालत नाही.

प्रश्न : २०१८ मध्ये आपल्या औंधच्या लष्करी तळावर ‘बिमस्टेक’ या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा संयुक्त सराव झाला होता. त्यातूनच पुढे या शेजाऱ्यांची कायमची ब्रिगेड का उभारू नये?
— एक वाचक, औंध, पुणे

उत्तर : त्या सरावाचा विषय दहशतवादविरोधी कारवाई हा होता आणि सहभागी देशांनी पाठवलेल्या तुकड्या प्लाटूनच्या आकाराच्या, म्हणजे काही डझन सैनिकांच्या होत्या. ब्रिगेड म्हटले की तीन ते पाच हजार माणसे, तोफा, अभियंते, इस्पितळ आणि वर्षभराचा खर्च आला. शिवाय सराव तोंडावर आला असताना नेपाळने देशांतर्गत टीकेमुळे तुकडी पाठवण्याचे रद्द केले आणि केवळ निरीक्षक पाठवले. आठवडाभराच्या सरावाबाबत ही स्थिती, तर कायमच्या ब्रिगेडसाठी काठमांडूची संमती मिळवणे किती अवघड असेल, याचा अंदाज करता येतो.

दिल्लीची भूमिकाही विसरून चालणार नाही. परदेशात सैन्य पाठवायचे ते संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली, हे भारताचे सर्वसाधारण धोरण आहे. १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेली शांतिसेना द्विपक्षीय करारानुसार गेली आणि तिथे अकराशेहून अधिक जवान कामी आले. तो अनुभव अजून पुसलेला नाही.

माझ्या मते लढाऊ ब्रिगेडचा नाद सोडून चक्रीवादळ आणि भूकंप यांसाठी एक लहानसे संयुक्त मदत मुख्यालय उभारणे अधिक शक्य आहे. तिथे कोण कोणावर गोळी चालवणार, हा प्रश्नच येत नाही. कोणाचे हेलिकॉप्टर कोणाच्या हद्दीत किती तासांत शिरू शकेल, एवढे आधीच ठरवून ठेवावे लागेल. तेही सोपे नाही.