सांगलीत नदीकाठी राहतो, पोहता येतं. कृष्णेत कोणी बुडताना दिसलं तर उडी मारावी का? बाहेर काढल्यावर पोटातलं पाणी कसं काढायचं?

पोटातलं पाणी काढायचंच नाही. प्रश्नाचा हा दुसरा भाग आधी घेतो, कारण यावरून घाटावरच्या जुन्या पोहणाऱ्यांशी माझं कायम वाजतं.

"पालथा घाल, पोट दाब, पाय धरून फिरव." पुरावा काय, तर अमक्याला पालथा घातला, भडाभडा पाणी पडलं आणि तो उठून बसला. अहो, ते पाणी जठरातलं. उठून बसला तो आधीपासून श्वास घेतच होता. फुप्फुसात पाणी बहुधा थोडंच जातं आणि ते दाबून निघत नाही. श्वास थांबलेल्याचं पोट दाबलं तर जठरातलं पाणी आणि जेवण वर येऊन श्वासनळीत उतरतं. त्यात जी दोन मिनिटं जातात, तीच मेंदूला हवी असतात. बुडालेल्याला जिवंत करायला मिठात पुरणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

करायचं ते असं. कडक, सपाट जागेवर उताणा झोपवा, घाटाच्या पायऱ्यांवर नको. दुसऱ्या कोणाला तरी 108 ला फोन लावायला सांगा. हाकेला ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, तर कपाळ मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी 5 श्वास द्या. प्रत्येक श्वास साधारण एक सेकंद, छाती उचलली जाईल इतकाच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर 30 दाब, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने. पुन्हा 2 श्वास, पुन्हा 30 दाब, मदत येईपर्यंत. "नुसती छाती दाबा" हा सल्ला अचानक हृदय बंद पडून कोसळलेल्यासाठी आहे. बुडालेल्याच्या रक्तातच प्राणवायू नसतो, नुसतं दाबून पोचवणार काय? तोंडाला फेस आला तर पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर अख्खं अंग कुशीवर वळवा, बोटाने तोंड साफ करा, पुन्हा सुरू.

आता उडी. शक्यतो नाही, पट्टीचे पोहणारे असाल तरी नाही. बुडणारा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, हात दोन्ही बाजूंनी पाणी दाबताहेत, असा तो मिनिटभरसुद्धा टिकत नाही. हाताला लागेल त्यावर चढतो, म्हणजे तुमच्या डोक्यावर. काठी, साडी, धोतर, कासरा, जे पोचेल ते द्या. देताना स्वतः पालथे पडा, नाहीतर तोच तुम्हाला ओढून नेईल. घाटावर 5 लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन, त्यात पेलाभर पाणी, बूच घट्ट आणि 15–20 मीटर तरंगणारा दोर बांधून ठेवा. रिकामा कॅन वाऱ्याने भरकटतो, म्हणून ते पाणी. कॅन त्याच्या पलीकडे टाका, म्हणजे दोर अंगावर पडतो. दोर मनगटाला गुंडाळू नका. पाण्याला ओढ असेल तर सरळ खेचू नका, ताण धरून उभे राहा. धारच त्याला काठाला आणते. "पोहणाऱ्याला दोर कशाला" म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

उतरावंच लागलं तर ट्यूब पुढे ढकलत जा. त्याने मिठी मारली तर खाली बुडी घ्या, तो सोडतो. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मात्र कोणीच उतरू नये. तिथलं पाणी माणसाला फिरवून परत भिंतीशीच आणतं. वाळू उपशाच्या खड्ड्यांत गुडघाभर पाण्यातून एका पावलात ठाव सुटतो. आयर्विन पुलाखाली कृष्णेची पातळी 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका हे सांगलीत पोराटोरांना पाठ असतं, पण हे खड्डे उन्हाळ्यातही तिथेच असतात.

विहीर असेल तर आधी मोटारीचा मेन स्विच बंद करा. बोट असेल तर जादा माणसं भरू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला उलटलेली बोट पुरातून माणसं काढणारीच होती.

एक राहिलं. काही प्रशिक्षणांत 5 ऐवजी 2 श्वास शिकवतात, तेही चालतं. आणि शुद्धीवर येऊन "मी बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढतो.