शब्द पाठ आहेत, तोंडातून येत नाहीत

"मॅडम, इंग्लिश येतं हो, पण व्होकॅब नाही." गोव्यात फोंड्याला समुपदेशनाची प्रॅक्टिस सुरू केल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच म्हणून दाखवेन. आयेल्ट्सवाले, म्हणजे परदेशी जायला इंग्लिशची परीक्षा देणारे, बँकेच्या परीक्षांवाले, नवीन नोकरीवाले, आणि बहुतेक सगळे चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, मग पाचवीला एकदम सगळं इंग्लिश. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून, आणि ओळख लागणार नाही इतपत बदलून.

मुलगी सत्तरी तालुक्यातली, वेर्ण्याला औषध कंपनीत. माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून, मिटींगच्या आदल्या रात्री पोटात गोळा. मी पण दोन वेळा झोपेवरच बोलत बसले, आता हसू येतं. तिसऱ्या वेळी तिने पिशवीतून वही काढली. चौदाशेच्या वर शब्द, नंबर घातलेले, प्रत्येकासमोर एका शब्दात अर्थ, अक्षर तर इतकं सुरेख की कौतुक करावं की काळजी तेच कळेना.

"कधीपासून लिहितेस?"

"ऑफिसातल्या सरांच्या फेअरवेलनंतर."

त्या फेअरवेलला तिला 'फेमस' शब्द हलका वाटला, म्हणून समानार्थी शब्दांच्या कुठल्याशा यादीतला भारदस्त काढला आणि माइकवर म्हणाली, अवर सर इज नोटोरियस फॉर हिज डिसिप्लिन. नोटोरियस म्हणजे कुख्यात. हॉल हसला, सर पण हसले, आणि हिचं ऑफिसातलं बोलणं त्या दिवसापासून येस आणि ओके वर आलं.

आता बघा, मराठीत हिने कुणाला स्टेजवर कुख्यात म्हटलं असतं का? नाही, कारण प्रख्यात कुठे बसतो आणि कुख्यात कुठे हे तिने लहानपणापासून ऐकलंय. यादीत मात्र सगळे समानार्थी शब्द एकाच युनिफॉर्ममध्ये रांगेत उभे असतात, कोण सज्जन कोण गुंड कळायला मार्ग नाही.

मी विचारलं, "ह्यातला कुठला शब्द ह्या आठवड्यात वापरलास?"

"वापरला तर चुकेल ना मॅडम."

"मग पाठ कशाला करतेस?"

बराच वेळ काही नाही. मी पण गप्प राहिले, ह्या गप्प राहण्यासाठीच मी फी घेते असं माझं मत आहे. मग खाली बघत म्हणाली, "मी मराठी शाळेतली आहे ते कळू नये म्हणून."

इथे गाठ सुटली. ती वही बोलण्यासाठी नव्हतीच, लपण्यासाठी होती. मी लोकांच्या 'पाहिजेच'च्या मागे लागणारी बाई आहे, मला अवघड इंग्लिश आलंच पाहिजे, कुणी हसताच कामा नये, ह्या 'च'मध्ये अर्धं दुखणं असतं. आणि लपायला घेतलेला शब्द बाहेर कसा येणार!

नशीब असं की तेवढ्यात खाली पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला. मी म्हटलं, पाव हा पोर्तुगीज पांव, तो लॅटिनच्या पानिसवरून, आणि इंग्लिशमधला कंपॅनियन त्याच पानिसचा, ज्याच्यासोबत पाव वाटून खाल्ला तो. तिने वर बघितलं. मी तिला घरचं काम दिलं, आजीच्या तोंडातला एक पोर्तुगीज शब्द घे आणि त्याचा इंग्लिश नातेवाईक शोध.

पुढच्या वेळी दारातूनच सुरू झाली. आजीचं कदेल, म्हणजे खुर्ची, हे पोर्तुगीज कादेयरा, मुळात काथेद्रा, आणि इंग्लिशचा चेअर पण तिथूनच, आणि मॅडम, कॅथेड्रलपण! बिशपची खुर्ची जिथे ते कॅथेड्रल. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधला 'से' म्हणजे पण आसन, आणि वहीतला सेडेंटरी म्हणजे बैठं, त्याच बसण्याच्या घरातला. मी हळूच जोडलं, आपण करतो ते सेशन पण, म्हणजे बैठकच की. आम्ही दोघी जाम हसलो. त्या दिवशी झोपेचा विषयच निघाला नाही.

बाकीच्यांनी काय करायचं? आधी स्वतःच्या कामाचं इंग्लिश वाचा, तिने कंपनीचे रिपोर्ट घेतले. शब्द एकटा उचलू नका, शेजाऱ्यांसकट अख्खं वाक्य उचला. आठवड्याला पाचच, पण प्रत्येक शब्द मेलमध्ये, चॅटवर, कुठेतरी खरा वापरायचा. एबिंगहाउस ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत बघा, आणि अर्थ झाकून बघा. शिक्षणासाठी बाहेर जाणाऱ्यांनी अवघड दिसणाऱ्या शब्दांआधी भाषा-संशोधक ॲव्हरिल कॉक्सहेडची अकॅडमिक वर्ड लिस्ट घ्यावी, 2000 साली आलेली, 570 शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं एकत्र, त्यात ॲनालाइझ, सिग्निफिकंट असले रोजचे कामाचे शब्द आहेत. आणि कळणारे सगळे शब्द बोलण्यात यायलाच हवेत असंही नाही, किंकर्तव्यमूढ आपल्याला कळतो म्हणून बांगडे घेताना कोण म्हणतं?

चौदाशेची वही तिने फेकली नाही, मी सांगितलंही नव्हतं. मागच्या पावसात ती बेळगावला लग्नाला गेलेली, सोमवारी ऑफिसला उशीर होणार होता. बॉसला पाठवलेला मेल तिने मला फॉरवर्ड केला, त्यात एकच ओळ पिवळी केलेली, चोर्ला घाट इज नोटोरियस फॉर फॉग. खाली बॉसचं उत्तर, ओके, ड्राइव्ह सेफ.