आईला स्मृतिभ्रंश आहे आणि मी पन्नाशीत आहे; साताऱ्यात राहून रोजच्या कोणत्या सवयी बदलाव्यात?

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाहीत, पण बाकी बरेच काही आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगे १४ धोके दिले असून, ते सगळे दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये हा आजार टळू किंवा लांबू शकेल, असा अंदाज आहे; अर्थात ही कोणा एकाला दिलेली हमी नव्हे.

प्रथम रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, कारण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान मध्यम वयातच, कोणतीही तक्रार नसताना सुरू होऊ शकते. अजिंक्यताऱ्याची चढण हा उत्तम व्यायाम आहे; गुडघे साथ देत नसतील तर सपाट रस्त्यावर भरभर चालावे. विडी-सिगारेट सोडावी, मद्यपान टाळावे.

या धोक्यांत सर्वांत दुर्लक्षित राहतात ते कान. कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून, भजनातून, लग्नकार्यांतून बाजूला होतो आणि घरचे ‘आता वयच झाले’ म्हणून सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. वेळीच तपासणी करून श्रवणयंत्र लावावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही लांबवू नये. डोक्याला झालेली गंभीर दुखापत हाही एक धोका असल्याने, दुचाकीवर हेल्मेट गावातल्या गावातही घालावे.