हाँगकाँगला येताय? ‘खेइ ङाङ’ शिकून या

जानेवारीत हाँगकाँगला येताय. तुमचे प्रश्न दोन: इंग्रजीवर भागतं का, आणि इथली माणसं सारखी भांडतात का?

ऑफिसात भागतं. भांडणाचं म्हणाल तर इथली भाषा कँटोनीज, ती कानाला भांडणासारखीच लागते. सहा सूर, त्यात बाजारातली पट्टी. आमच्या खालची मासेवाली गिऱ्हाइकांना रोज झापते, असं मला तीन महिने वाटत होतं. ती भाव सांगत होती.

खरं वाजलं की मात्र ‘खेइ ङाङ’ ऐकू येतं. ‘खेइ’ म्हणजे उभं राहणं, ‘ङाङ’ म्हणजे ताठ. शब्दशः ताठ उभं राहणं, म्हणजे माघार न घेणं. आपण अडून बसतो, हे अडून उभे राहतात! (आपला ङ ‘वाङ्मया’पुरता उरलाय, इथे त्याने शब्द सुरू होतो. बरेच जण तो खाऊन नुसतं ‘आङ’ म्हणतात.) शब्द बोलीतला, पण शिवी नव्हे, सरकारच्या अमली पदार्थविरोधी घोषणेतही तो आहे.

‘सिक’ म्हणजे खाणं. ‘सिक ङाङ’ म्हणजे तुला आता खाल्लाच समज. उलटं करून ‘ङाङ सिक’ म्हटलं की मुकाट गिळणं.

मी गिळणाऱ्यांतलाच. डिपॉझिट इथे साधारण दोन महिन्यांचं भाडं असतं. घर सोडताना मालकाने भिंतीवरच्या बुरशीचे पैसे त्यातून कापायला काढले. म्हटलं, जाऊ दे. शेजारच्या टेबलावरची सहकारी वैतागली, “ङाङ सिक? खेइ ङाङ!” तिनेच पत्र लिहून दिलं: राहायला आलो त्या दिवशीचे फोटो सोबत, आणि खाली एकच ओळ, की नाहीतर स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल. तिथे ७५,००० हाँगकाँग डॉलरपर्यंतचे दावे चालतात आणि वकील उभा करता येत नाही. आवाज कुणाचाच चढला नाही. नवव्या दिवशी पूर्ण पैसे.

‘फान थोइ’, म्हणजे टेबल उलटवणं, संबंध तोडणं, त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘साइ मा’ (घोडे उन्हात काढणं, म्हणजे आपली माणसं जमवून दाखवणं) हे तर गुंडांच्या टोळ्यांमधून आलेलं. मित्र थट्टेत वापरतात, तुम्ही साहेबासमोर नको.

आणि किल्ली हातात आली की सामान लावण्याआधी फोटो काढा. एसीखालचा कोपराही. माझी बुरशी तिथलीच होती.