'पांडाचे संरक्षण' की 'पांड्याचे संवर्धन'?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारले आहे की, त्यांच्या सातवीतल्या मुलीने मराठी निबंधस्पर्धेसाठी 'लाल पांडाचे संरक्षण' असा मथळा देऊन निबंध लिहिला. परीक्षकांनी 'डा' खोडून वर 'ड्या' लिहिले, 'रक्षण' खोडून 'वर्धन' लिहिले आणि दोन गुण कापले, तर ही दुरुस्ती योग्य आहे का? त्यांनी सोबत वहीच्या पानाचे छायाचित्रही पाठवले आहे. त्यात 'ड्या' इतका दाटीवाटीने घुसवला आहे की तो प्रथम 'ड्य' वाटतो, आणि समासात एक प्रश्नचिन्ह आहे, ते कशाविषयी आहे हे मात्र कळत नाही.

'ड्या'चा प्रश्न सोपा आहे. आकारान्त पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप मराठीत बहुधा 'या'कारान्त होते : घोडा–घोड्याचा, सोफा–सोफ्यावर, कॅमेरा–कॅमेऱ्याने. परका शब्द रुळला की तो हा नियम आपोआप पाळू लागतो, आणि आपण आता 'झेब्र्याचे पट्टे' असे न अडखळता म्हणतो. त्या न्यायाने 'पांड्याचे' बरोबर आहे. परंतु नवख्या शब्दाचे मूळ रूप तसेच ठेवून 'पांडाचे' लिहिणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यासाठी सातवीतल्या मुलीचा गुण कापावा असे मला वाटत नाही. अनेकवचनात तर मी स्वतःच नियम मोडतो. 'सिक्कीमच्या जंगलातले पांडे कमी होत चालले आहेत' हे वाक्य इंदूरमध्ये, जिथे प्रत्येक गल्लीत एक तरी पांडेजी राहतात, गंभीरपणे वाचले जाणे कठीण आहे. तेथे 'लाल पांडा कमी होत आहेत' असेच लिहावे.

'लाल' या विशेषणाविषयी ताईंनी विचारलेले नाही, पण त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. 'पांडा' हे नाव मुळात याच प्राण्याचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीतील अधिकारी थॉमस हार्डविक यांनी १८२१ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्याचे वर्णन वाचले आणि त्याच्या ओरडण्यावरून पडलेले 'वाह' हे स्थानिक नाव सुचवले; मात्र ते वर्णन छापून येण्यास उशीर झाला, आणि १८२५ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्युव्हिए यांनी त्याचे 'एल्युरस फुल्जेन्स', म्हणजे 'झळाळणारे मांजर', असे नामकरण करून टाकले. काळ्यापांढऱ्या मोठ्या पांड्याची शास्त्रीय नोंद होण्यास १८६९ साल उजाडले. पुढे तो इतका प्रसिद्ध झाला की मूळ मालकालाच विशेषण लावून घ्यावे लागले. ब्रॉयलर आल्यानंतर आपल्या कोंबडीला जसे 'गावठी' व्हावे लागले, तसेच हे झाले. वास्तविक हे दोघे जवळचे नातलगही नाहीत. मोठा पांडा अस्वलाच्या कुळातला आहे, तर लाल पांडा आपल्या कुळात एकटाच उरला आहे. अंगाचा रंग तांबूस, पोट व पाय काळे, शेपटीवर फिकी-गडद कडी, असा तो दिसतो. तेव्हा रंगाशी इमान राखायचे तर 'तांबडा पांडा' अधिक नेमके झाले असते. परंतु 'लाल' आता रूढ झाले आहे, ते राहू द्यावे.

खरा मुद्दा दुसऱ्या दुरुस्तीत आहे, आणि तेथे मी परीक्षकांच्या बाजूचा आहे, अर्थात पूर्णपणे नव्हे. इंदूरच्या मराठीत हिंदीतले अर्थ नकळत येऊन बसतात, आणि शब्द दोन्ही भाषांत एकच असला तर ते मुळीच ध्यानात येत नाही. हिंदीत 'रक्षा मंत्रालय' असते, मराठीत 'संरक्षण मंत्रालय'. हिंदीत 'संरक्षण' हा शब्द जपणुकीच्या व्यापक अर्थाने चालतो, म्हणून तेथे निसर्गाचे, भाषेचे, जुन्या वास्तूंचे, सगळ्यांचेच 'संरक्षण' होते. आपल्याकडच्या मंडळांच्या निमंत्रणपत्रिकांवर आश्रयदात्यांची नावे 'संरक्षक' या मथळ्याखाली छापलेली मी पाहिली आहेत. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ते वाचून मंडळाला कोणापासून धोका आहे असा प्रश्न पडावा. मराठीत संरक्षण म्हणजे येणारा घाव अडवणे. संवर्धन हा शब्द 'वृध्' म्हणजे वाढणे या धातूपासून आला आहे, आणि त्यात वस्तू टिकून राहील, वाढेल, अशी तजवीज करणे अभिप्रेत आहे. 'पशुसंवर्धन' हा शब्द तर आपल्या रोजच्या ओळखीचा आहे.

आता हा भेद याच प्राण्यावर लावून पाहावा. लाल पांडा 'वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२' च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याची शिकार गुन्हा आहे. येथे 'संरक्षण' हाच शब्द चपखल बसतो. कस्तुरीमृगासाठी किंवा रानडुकरासाठी लावलेल्या फाशात तो सापडतो, तेव्हा ते फासे काढणे हेही संरक्षण होय. गुराख्यांचे कुत्रे त्याला मारतात, शिवाय त्यांच्याकडून त्याला डिस्टेंपरसारखा रोग लागू शकतो, म्हणून कुत्र्यांना लस टोचणे हेसुद्धा त्यातच मोडते. परंतु हा प्राणी जवळजवळ सर्वस्वी बांबूच्या पानांवर आणि कोंबांवर जगतो. बांबूत पोषण इतके कमी असते की दिवसाचे कित्येक तास तो खाण्यातच घालवतो, आणि मनगटाचे एक हाड वाढून झालेल्या खोट्या अंगठ्याने दांडी धरून पाने ओरबाडतो. पिल्ले ठेवण्यासाठी मादीला जुन्या झाडाची ढोली लागते. चराईने बांबू तुडवला गेला, जुनी झाडे तुटली, रस्त्याने जंगलाचे दोन तुकडे झाले, तर बंदुकीला कोणी हातही न लावता तो संपेल. तेव्हा बांबू पुन्हा वाढू देणे, तुटलेले तुकडे जोडणे, आणि दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास करून २००३ साली स्वीटी व मिनी या दोन माद्या सिंगालीलाच्या रानात सोडल्या तसे प्रयत्न करणे, यांना संरक्षण म्हणून भागत नाही. ते संवर्धन आहे. हाच शब्द 'आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ' या नावातही आहे, आणि या संघाच्या यादीत लाल पांडा 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे.

म्हणून मथळ्यात 'संवर्धन' हवे, कारण ते संरक्षणालाही पोटात घेते. पण मुलीने निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदात फाशांविषयी आणि शिकाऱ्यांविषयी जे 'संरक्षण' लिहिले आहे, तेही खोडले गेले आहे. ती खोड चुकीची आहे आणि ताईंनी ती परीक्षकांच्या नजरेस जरूर आणावी. उलट त्याच्याच खाली 'मादी जून-जुलैत शावकांना जन्म देते' असे एक वाक्य आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. समासातले प्रश्नचिन्ह कदाचित त्यासाठीच असेल. तेथे 'पिल्लांना' करावे.