आधी अवयव पाडा, मग कापा

ताई, मुलीने (क्ष² + ५क्ष + ६) / (क्ष² − ९) यातले वरखालचे क्ष² उडवून (५क्ष + ६) / (−९) लिहिलं, आणि भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा हेही तिला कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी गिरगावात बावीस वर्षं शिकवण्या घेते. आठवीच्या प्रत्येक बॅचमध्ये ही चूक होतेच, तेव्हा रागावू नका.

तिला क्ष = ४ धरायला सांगा. मूळ राशीत वर १६ + २० + ६ = ४२, खाली १६ − ९ = ७, म्हणजे ६. तिच्या उत्तरात २६ / (−९). चूक तिची तिलाच सापडेल.

(५ + २) / (५ + १) म्हणजे ७/६. त्यातले पाच कापले तर २ उरतात, आणि ते साफ चूक आहे. बेरजेत अडकलेलं पद कापता येत नाही. पूर्ण अंशाला आणि पूर्ण छेदाला गुणणारा अवयवच कापता येतो. म्हणून आधी अवयव पाडायचे. गुणाकार ६, बेरीज ५, म्हणजे २ आणि ३. वर (क्ष + २)(क्ष + ३), खाली (क्ष + ३)(क्ष − ३). आता (क्ष + ३) गेला, उरलं (क्ष + २) / (क्ष − ३). क्ष = ४ घातलं की बरोबर ६ येतात.

माझ्याकडची एक मुलगी प्रत्येक कंसाभोवती पेन्सिलने चौकट काढायची. अख्खी चौकट जुळली तरच काट मारायची, चौकटीच्या आत पेन्सिल न्यायचीच नाही. महिन्याभरात चौकटींची गरज संपली. तुमच्या मुलीलाही हेच करू द्या.

आता भागाकार. तीन कप चहात कटिंग किती? सहा. म्हणजे ३ ÷ १/२ आणि ३ × २ एकच. भाजक जितका लहान, तितके वाटे जास्त. उलटा करण्यामागे एवढंच आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) हाच नियम दिलाय: भाजकाचे अंश-छेद उलटवून गुणाकार करा. भाजकाचेच, पहिल्या अपूर्णांकाला हात लावायचा नाही.

वरच्याच राशीला (क्ष + २) / (क्ष² − ३क्ष) ने भागू.

(क्ष + २) / (क्ष − ३) × क्ष(क्ष − ३) / (क्ष + २) = क्ष

पडताळा: ६ ÷ ६/४ = ४. जमलं.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून लिहूनच घ्या: इथे क्ष ला ३, −३, ० आणि −२ या किमती चालत नाहीत. −२ हमखास सुटतो, कारण उलटं करण्याआधी तो कुठल्याच छेदात दिसत नाही. पण क्ष = −२ घेतलं की भाजकच शून्य होतो, आणि शून्याने भागता येत नाही.

उद्या तिला हेच गणित उलट्या क्रमाने द्या, दुसऱ्या राशीला पहिलीने भागायला सांगा. उत्तर १/क्ष यायला हवं. नाही आलं तर वहीच्या पानाचा फोटो टाका, कुठे अडलं ते बघू.