नाव लिहिलं म्हणजे मत पडलं असं नाही

कॅलिफोर्नियात प्रायमरी, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीची पहिली फेरी, जवळ आली की बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) मराठी घरांतून त्याच शंका येतात. म्हणून उत्तरं इथेच देते.

मतपत्रिकेवर नाव छापलेलं नाही अशा उमेदवाराला मत देता येतं का? व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की रिकाम्या ओळीत कुणाचंही नाव लिहा, मोजतात.

मोजत नाहीत! हा मेसेज पुढे पाठवणं कृपा करून थांबवा. मोजलं जातं ते रीतसर नोंदलेल्या 'राइट-इन' (ज्याचं नाव मतदारानं हातानं लिहायचं अशा) उमेदवाराचंच नाव. त्यानं मतदानाआधीच्या 57व्या ते 14व्या दिवसादरम्यान अर्ज आणि मतदारांच्या सह्या दिलेल्या असाव्या लागतात. यादी काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडणूक कार्यालयात मिळते. ती बघितल्याशिवाय पेन उचलू नका.

आणि नावाशेजारचा गोल भरा. 2004 साली सॅन डिएगोच्या महापौरपदासाठी डॉना फ्राय राइट-इन उमेदवार होत्या. साडेपाच हजारांवर मतपत्रिकांवर त्यांचं नाव होतं, पण गोल कोरा. ती मतं धरली नाहीत आणि डिक मर्फी सुमारे 2,100 मतांनी निवडून आले. एवढ्या लोकांनी मनापासून नाव लिहिलं आणि ते वाया गेलं, याचा मला अजून राग येतो. गोल भरायला दोन सेकंद लागतात.

स्पेलिंग चुकलं तर?

नाव ओळखू आलं तर चालतं. तरी यादीत बघूनच लिहा.

नोव्हेंबरमध्येही गव्हर्नरसाठी नाव लिहिता येईल?

नाही. तिथे प्रायमरीतले पहिले दोघेच असतात.

मी कुठल्याच पक्षाचा नाही, म्हणून 'अमेरिकन इंडिपेंडंट' निवडलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत डेमोक्रॅटिक मतपत्रिका का मिळाली नाही?

कारण तो पक्ष आहे, 1968 मध्ये जॉर्ज वॉलेसना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं करणारा. तुम्हाला हवं होतं 'नो पार्टी प्रेफरन्स', म्हणजे कुठलाच पक्ष नाही. गव्हर्नर, काँग्रेस (अमेरिकेची संसद) यांच्या प्रायमरीत सगळ्यांना तेच उमेदवार मिळतात, तिथे काही बिघडलं नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र बाहेरच्यांना घ्यायचं की नाही, हे प्रत्येक पक्ष ठरवतो. नोंदणी आत्ताच बदला आणि काउंटीला फोन करून खात्री करा. शेजाऱ्याला विचारू नका.

ग्रीन कार्डवर मत देता येतं का? डीएमव्हीत (वाहन परवान्याच्या कार्यालयात) फॉर्म भरताना चुकून नोंद झालीय.

या निवडणुकांत नाही. मतपत्रिका घरी आली तरी भरू नका. नोंद रद्द करायला स्वतः धावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा, आणि याच आठवड्यात भेटा. मतदार म्हणून कधी नोंद झाली होती का, हे नागरिकत्वाच्या अर्जात विचारतात.